१ ऑक्टोबर १९४७ : लेविटाउनमध्ये पहिली कुटुंबे

न्यूयॉर्कच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत उभ्या राहिलेल्या लेविटाउन वसाहतीत या दिवशी पहिले भाडेकरू राहायला आले. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे मिळत नव्हती. अनेक जण संसारासकट आईवडिलांकडे दाटीवाटीने राहत होते. ही वसाहत बांधणाऱ्या ‘लेविट अँड सन्स’ कंपनीने घरबांधणीचे २७ टप्पे पाडले. प्रत्येक टोळीने आपले एकच काम करायचे आणि पुढच्या प्लॉटवर जायचे. काम भरात असताना दिवसाला ३० घरे पुरी होत. तळघर नाही, दोन बेडरूम, महिना ६० डॉलर भाडे. १९५१पर्यंत इथे आणि लगतच्या भागात १७,४४७ घरे झाली.

पण हे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. सुरुवातीच्या भाडेकरारात श्वेतवर्णीयांखेरीज कोणालाही राहण्यास मनाई होती. अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना इथे जागा नाकारली गेली, हा अन्याय लेविटाउनच्या कौतुकात झाकला जाऊ नये. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधने न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. कलम गेले, तरी कंपनीचे धोरण तेच राहिले.

१९६०मध्ये लेविटाउनची लोकसंख्या ६५ हजारांवर होती. पुढे मुले मोठी होऊन बाहेर पडली, कुटुंबे लहान झाली. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ५१,७५८ भरली. लॅटिनो आणि आशियाई कुटुंबे आता इथे बरीच आहेत, कृष्णवर्णीय मात्र आजही अगदी थोडे.