कोट्याबाहेर राहिलेल्या कपड्यांचा बाजार

मुंबईत महात्मा गांधी मार्गावर, आझाद मैदानाजवळ भरणारा ‘फॅशन स्ट्रीट’ आणि पुण्याच्या कॅम्पातील त्याच नावाचा बाजार यांची ख्याती ज्या ‘एक्सपोर्ट सरप्लस’ मालावर उभी राहिली, तो माल म्हणजे परदेशी ग्राहकासाठी शिवलेले, पण जहाजावर न चढलेले तयार कपडे होत. असा माल सदोषच असणार, हा समज दूरवर पसरलेला असला, तरी या व्यापाराच्या इतिहासाकडे पाहता शिवणीतील चुकांइतकाच आंतरराष्ट्रीय करारांचा, तपासणीच्या रीतीचा आणि मुदतीच्या कागदांचा वाटा त्यात होता, असे म्हणावे लागते.

उरलेसुरले कापड घाऊक उचलून किरकोळीत विकण्याची रीत मुंबईला नवी नव्हती. गिरण्यांतले दागी ताके आणि कटपीस यांवर पोट भरणारे व्यापारी पूर्वीपासून होतेच. तयार कपड्यांच्या बाबतीत मात्र या धंद्याला निराळे वळण दिले ते 1 जानेवारी 1974 रोजी अमलात आलेल्या बहुतंतू कराराने. सुती कापडाच्या आयातीवर 1961 व 1962 मधील करारांनी घातलेली बंधने या कराराने लोकर व कृत्रिम धाग्यांपर्यंत वाढवली आणि कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचे किती नग वर्षभरात पाठवावेत, याची मर्यादा, म्हणजेच ‘कोटा’, द्विपक्षीय वाटाघाटींतून ठरू लागला. भारतात तयार कपड्यांच्या कोट्याच्या वाटपाचे काम 1978 मध्ये स्थापन झालेल्या परिधान निर्यात संवर्धन परिषदेकडे आले. अमेरिकेच्या वर्गवारीत पुरुषांचे विणलेल्या सुती कापडाचे शर्ट 340 या क्रमांकाखाली आणि स्त्रियांचे तसलेच ब्लाउज 341 खाली येत, त्यामुळे एका वर्गाचा कोटा संपला की त्या वर्गातला निर्दोष कपडाही कारखान्यातच अडकून पडे.

तपासणीची रीतही अशीच कठोर होती. सर्व नग पाहणे अशक्य असल्याने ग्राहकाचा तपासनीस नमुना काढी; प्रचलित कोष्टकानुसार 1,201 ते 3,200 नगांच्या लॉटमधून 125 नग तपासले जात आणि अडीच टक्के ही दोषमर्यादा ठरलेली असल्यास सात दोषांपर्यंत लॉट मान्य होई, आठवा सापडताच सगळा लॉट नापास ठरे. फेरनिवड करून चांगले नग वेगळे काढता येत, पण तेवढ्यात बँकेच्या पतपत्राची, म्हणजे ठरल्या तारखेपूर्वी माल चढवला तरच पैसे देण्याच्या हमीची, मुदत उलटून जाई. शिवाय उन्हाळ्यासाठी मागवलेला शर्ट न्यूयॉर्कच्या दुकानात उशिरा पोहोचला तर त्याला तेथे कोणी वाली नसे, मुंबईत मात्र तो बाराही महिने अंगात घालता येई. याखेरीज बाद होणाऱ्या नगांची भरपाई म्हणून कारखाने मागणीपेक्षा थोडे जास्तच कापड कापत, आणि तेही शेवटी शिल्लक राही.

हा माल उचलणारा लॉटवाला खोके वरून न पाहता तळापासून उपसतो, कॉलर, बटणपट्टी आणि काख चाचपतो, कापड उजेडासमोर धरून रफू शोधतो. पण त्याचा खरा हिशेब मापांचा असतो. लहान, मध्यम, मोठे अशा ठराविक प्रमाणातला माल नगावर चांगला भाव मिळवतो, तर ज्या लॉटमध्ये निव्वळ अतिमोठी मापे उरली आहेत तो पडेल भावात जातो. करारानुसार परदेशी नाममुद्रेचे लेबल कापूनच माल बाहेर जाऊ द्यायचा असल्याने मानेमागे उरलेला अर्धवट तुकडा हीच गिऱ्हाइकाच्या लेखी अस्सलपणाची खूण बनली. सामान्य पगारदाराला परदेशी बाजारासाठी बेतलेली शिलाई परवडण्याजोग्या दरात मिळवून देणाऱ्या या व्यापाराकडे केवळ फूटपाथवरचा धंदा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

1995 पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेलेली कोटापद्धत 1 जानेवारी 2005 रोजी संपली आणि कोट्यामुळे अडकणारा माल उरला नाही. रद्द झालेल्या मागण्या आणि जादा कापणी यांतून येणारा तेवढा चालू राहिला. दरम्यान सरप्लसचे नाव एवढे रुजले होते, की स्थानिक बाजारासाठीच शिवलेल्या कपड्यांनाही नवे लेबल लावून ते मुद्दाम अर्धे कापण्याचा प्रकार सुरू झाला.