नंदुरबार : वाटेवरचें नगर

प्रवासी एखाद्या गांवीं उतरला, कीं 'येथें पाहण्यासारखें काय आहे?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. नंदुरबारविषयीं तो विचारला असतां पुष्कळदां उत्तर मिळतें, 'गांवांत विशेष कांहीं नाहीं, तोरणमाळास जा.' तोरणमाळ रम्य आहे यांत शंका नाहीं. सातपुड्याच्या माथ्यावरील यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहून डोळे निवतात. परंतु उत्तराचा पूर्वार्ध आम्हांस मान्य नाहीं.

हें नगर दक्षिणेंतून गुजराथेंत जाणाऱ्या जुन्या वाटेवर वसलें आहे. ह्या टापूंतील वस्ती किती प्राचीन, हें जवळच तापी-गोमाईच्या संगमावर दिसतें. प्रकाशा हें क्षेत्र भाविकांची दक्षिणकाशी. परंतु तेथील पांढरीच्या टेकाडाचें १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें, तेव्हां तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष हातीं आले.

इ. स. १३४२ च्या सुमारास महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेस जातांना नंदुरबारास आला. त्याच्या लक्षांत राहिले ते येथील मराठे रहिवासी : कारागिरींत निपुण, वैद्यक व ज्योतिष जाणणारे, भात, भाजीपाला व तिळाचें तेल खाणारे, प्राणिमात्रास इजा करणें न रुचणारे.

पुढें धनी पुष्कळ बदलले. गुजराथचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी ह्या मुलुखासाठीं लढले. अकबराच्या काळीं 'आईन-इ-अकबरी'नें नंदुरबार माळव्याच्या सुभ्यांत घातलें. इंग्रजी अमलांत तें खानदेशांत, मग पश्चिम खानदेशांत गेलें. पुढें धुळें जिल्ह्यांत राहून १ जुलै १९९८ रोजीं स्वतःच जिल्ह्याचें ठिकाण झालें. अशा नगराची ओळख सरकारी नकाशांत शोधणें व्यर्थ होय.

ती शोधावयाची तर माणिक चौकांतील हुतात्मा स्मारकापाशीं उभें राहावें. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं 'छोडो भारत' चळवळींतील मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. हातीं तिरंगा धरलेला शिरीषकुमार मेहता पडला. वय अवघें पंधरा. त्याच्यासवें लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. शिरीषकुमाराची मातृभाषा गुजराथी. केतकर हें नांव मराठी. ज्या सीमेसाठीं सुलतानांनीं तरवारी उपसल्या, ती ह्या मुलांस दिसलीच नाहीं. शतकानुशतकें एका वाटेवर शेजारीं राहिल्याचें हें फळ होय.

म्हणून तोरणमाळास अवश्य जावें. पण आधीं ह्या चौकांत क्षणभर थांबावें. आणि वर गेल्यावरही केवळ तलाव पाहून परतूं नये. तेथील भिल्ल व पावरा लोकांचा इतिहास कागदावर फार थोडा उतरला आहे. तो त्यांच्याच तोंडून ऐकण्याइतकी सवड काढावी. राजवाडे नाहींत म्हणून गांवाला इतिहास नाहीं, असें समजणाऱ्यानें राजे पाहिले; माणसें पाहिलीं नाहींत.