दस्तुरी नाक्यावरचा नियम

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे भोंग्यावर उठली आणि भोंग्यावर निजली. म्हणूनच कर्जत लोकलने वांगणी, शेलू ओलांडून नेरळला उतरावे आणि जेथे मोटारीलाच मज्जाव आहे अशा डोंगरावर जावे, याचे आम्हां कामगारांना मोठे अप्रूप वाटत आले आहे. हौसेने आणलेली मोटार असो वा फटफटी, माथेरानला ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढलेल्या हातरिक्षातून जायचे, असा रिवाज पडला. या नियमाच्या इतिहासात झाडांची कथा आहे, तशीच माणसाच्या खांद्यांचीही आहे.

1850 साली आपल्याच ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हे पठार हेरले. पुढे 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी आगगाडी नेरळहून वर चढली. पण गावात मोटार शिरली नाही. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे 214 चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा गावातील वाहनबंदीला कायद्याचे भक्कम बळ मिळाले. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी एवढाच काय तो मुख्य अपवाद.

नियम उत्तम, याविषयी आमचे दुमत नाही. धूर नाही, कर्णा नाही, लाल मातीची वाट शाबूत राहिली. परंतु इंजिनाला बंदी झाली म्हणून ओझे काही नाहीसे झाले नाही. ते माणसाने ओढले! चढावर प्रवाशासह गाडी रेटणाऱ्या माणसाच्या घामावर इतरांची शांत सहल उभी होती.

हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने या स्थितीविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबरात त्या धावू लागल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांच्याही चुलीचा प्रश्न होता, आणि एका श्रमिकाच्या भाकरीसाठी दुसऱ्याची हिरावली जाऊ नये, ही चिंता रास्तच होती. पुढे, या गाड्या हातरिक्षावाल्यांनाच मिळाव्यात, असेही न्यायालयाने 2024 साली बजावले.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावे, हे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरले. न्यायालयाने 1980 च्या आझाद रिक्षाचालक संघटनेच्या पंजाबातील खटल्याची आठवण करून दिली आणि पंचेचाळीस वर्षांनंतरही ही प्रथा चालू असल्याची खंत व्यक्त केली. त्याच निकालात, दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरसबंदीला मुभा दिली. आतल्या वाटांवर व पायवाटांवर मात्र ती नाही.

आमच्या मते यातील धडा असा : गाडी कोठवर न्यावी, हे ठरवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती गाडी कोणाच्या मालकीची, हे ठरवणेही महत्त्वाचे. नव्या गाडीचा परवाना धनिकाच्या हाती गेला आणि काल ओढणारा आज केवळ भाड्याचा चालक झाला, तर खांद्यावरचे ओझे उतरेल, पण मानेवरचे जू तसेच राहील. झाडांची राखण करणाऱ्या नियमाने श्रमिकाचीही राखण केली पाहिजे. आणि ती होते की नाही, हे दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने विचारले पाहिजे.