मृगातील हिरवी रेषा : नायगमवाला यांचे निरीक्षण आणि आजचे रंगीत तेजोमेघचित्र

प्रस्तावना :

तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे आज शालेय पाठ्यपुस्तकांपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र दिसतात. रंगीत खगोलीय कॅमेरा आणि ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा अरुंदपट्टा फिल्टर यांच्या साहाय्याने हौशी निरीक्षकही अशी छायाचित्रे घेतात. या चित्रांतील रंग खरे की बनावट, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. वरवर पाहता हा भौतिकशास्त्राचा प्रश्न वाटतो. तथापि तो मूलतः साधनचिकित्सेचाही प्रश्न आहे. मूळ नोंद कोणती आणि तिच्यावर लादलेला अर्थ कोणता, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकास नित्य करावा लागतो. महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात या भेदाचे एक ठळक उदाहरण पुणे येथे घडले. त्या उदाहरणाच्या आधारे आजच्या छायाचित्रांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुण्याची वेधशाळा :

कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक असताना, १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. १८८४ मध्ये नायगमवाला उपकरणांच्या खरेदीसाठी इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकयर आदी शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने वेधशाळेचे कार्य प्रामुख्याने वर्णपटाच्या अभ्यासाचे असावे, असे ठरले. पुढे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पूर्वसंस्थेत, रुजू झाले. तेथेच १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दूरदर्शक हे तिचे प्रमुख साधन होते.

हिरव्या रेषेचा वाद :

विल्यम हगिन्स यांनी २९ ऑगस्ट १८६४ रोजी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. तो ताऱ्यांसारखा अखंड नव्हता, त्यात मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. यावरून तो तेजोमेघ वायुरूप असल्याचे स्पष्ट झाले. परंतु त्यांपैकी सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कोणास सांगता येईना. कोणी ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले. लॉकयर यांचे मत निराळे होते. तेजोमेघ हे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ही रेषा उल्कांतील मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्टीचा अवशेष आहे, असे ते प्रतिपादीत. तशा पट्टीची एक कड ठळक असते आणि दुसऱ्या बाजूस ती हळूहळू विरत जाते. म्हणून रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव आहे की एका बाजूस धूसर आहे, यावर संपूर्ण सिद्धान्ताचे भवितव्य अवलंबून होते.

नायगमवाला यांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला आणि १८९१ मध्ये आपला निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात मांडला. निरीक्षणाची परिस्थिती कोणतीही असो, ती रेषा बारीक आणि रेखीवच दिसते, असे त्यांनी नोंदविले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेची दिशा ठरली होती, त्यांच्याच सिद्धान्ताला हा निष्कर्ष प्रतिकूल होता. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, रेषा कशी दिसते एवढेच त्यांच्या निरीक्षणाने निश्चितपणे सांगितले. ती कशाची आहे, हे कोडे पुढे छत्तीस वर्षे कायम राहिले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत सहज साधत नाही इतक्या विरळ वायूतच ती ठळकपणे उमटते. सिद्धान्त बदलले, ‘नेब्युलियम’ही गेले, परंतु पुण्याची नोंद बाधित झाली नाही.

रंगीत कॅमेरा आणि तीच रेषा :

आज जो ऑक्सिजनचा फिल्टर म्हणून ओळखला जातो, तो ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची हीच रेषा टिपतो. प्रचलित दुपट्टा फिल्टर तिच्यासोबत हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषाही आत सोडतो आणि शहरी दिव्यांचा बहुतांश प्रकाश अडवितो. रंगीत कॅमेऱ्याच्या संवेदकावर सूक्ष्म रंगगाळण्यांची जाळी असते. ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्मे बिंदू हिरवे, एक चतुर्थांश तांबडे आणि एक चतुर्थांश निळे असतात. त्यामुळे हायड्रोजनचा प्रकाश मुख्यत्वे तांबड्या बिंदूंवर, तर ऑक्सिजनचा हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही बिंदूंवर उमटतो.

प्रक्रियेत प्रथम कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा केला जातो आणि प्रकाशाची असमानता दुरुस्त केली जाते. नंतर अनेक छायाचित्रे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतात. त्यानंतर तांबडा भाग हायड्रोजनची, तर हिरवा-निळा भाग ऑक्सिजनची नोंद म्हणून वेगळा करतात. ऑक्सिजनचा प्रकाश बहुधा क्षीण असल्याने तो अधिक उजळविला जातो. येथपर्यंतची प्रक्रिया समर्थनीय आहे. मात्र उजळविल्यानंतर दोन्ही वायूंच्या तेजाचे मूळ प्रमाण चित्रात शिल्लक राहत नाही, याचे भान ठेवले पाहिजे.

खरा पेच पुढील टप्प्यावर उद्भवतो. हबल दूरदर्शकाने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला होता. त्या चित्रातील सोनेरी छटा लोकप्रिय झाल्या. दुपट्टा फिल्टर वापरणारे अनेक जण हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचेच मिश्रण करून तशाच छटा तयार करतात. अशा चित्रात गंधकाची एकही नोंद नसते, तरी पाहणारा त्या सोनेरी रंगाचा अर्थ गंधक असाच लावतो. उत्तरकालीन मजकूर मूळ बखरीत मिसळावा आणि दोहोंचे हस्ताक्षर एकच दिसावे, तसा हा प्रकार आहे. रंग देणे हा दोष नव्हे. तो कोणत्या नोंदीवरून दिला, हे न सांगणे हा दोष होय.

नोंद टिकण्याची अट :

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ ठोकला होता. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हे गाव. धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुका करमाळ्याला लागूनच आहे. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच आले होते. या मोहिमेचा सविस्तर अहवाल वेधशाळेने १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. २० इंची दूरदर्शक कोडाईकनालला गेला. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबरच थांबली. तरीही तिचे कार्य आज अभ्यासता येते, कारण ते लिहून ठेवलेले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तेजोमेघाचे छायाचित्र हे एक ऐतिहासिक साधन आहे आणि त्याला साधनचिकित्सेचे सर्व नियम लागू होतात. मूळ असंस्कारित छायाचित्रे जतन करावीत. फिल्टर, प्रकाशनाचा कालावधी, दिनांक, स्थळ आणि रंगांच्या मिश्रणाचे प्रमाण चित्रासोबत नोंदवावे. आपल्या भागातील महाविद्यालयांतून असे छायाचित्रण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही शिस्त प्रारंभीच लावणे आवश्यक आहे. नायगमवाला यांच्यापाशी रंगीत चित्र नव्हते, होती ती केवळ एक हिरवी रेषा. जे दिसले तेवढेच त्यांनी सांगितले, म्हणून ते आजही ग्राह्य आहे.