आल्फा-गॅल ॲलर्जी : पाकीटबंद अन्नातील घटकांची पारख

गाय, म्हैस, बकरा, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरातील आल्फा-गॅल या शर्करेची ही ॲलर्जी आहे. माणसात ही शर्करा नसते. काही जातींची गोचीड चावल्यावर शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे मटण खाल्ल्यावर साधारण २ ते ६ तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी श्वास कोंडतो. त्रास मध्यरात्री सुरू होत असल्याने रात्रीच्या जेवणाचा संशय सहसा येत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत सेटुक्सिमॅब या कर्करोगावरील औषधाच्या तीव्र प्रतिक्रियांवरून या शर्करेचा माग लागला. २००९ मध्ये संशोधक थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने मांसाच्या ॲलर्जीशी तिचा संबंध दाखवला.

उदाहरणार्थ, सिहोरा (ता. तुमसर, जि. भंडारा) हे धानपट्ट्यातले गाव घ्या. इथे गुरांच्या गोठ्यातली गोचीड सर्वांच्या ओळखीची असते. तलावातली मासळी, कोंबडी आणि अंडी या ॲलर्जीत चालतात. अडचण दुकानातल्या पुड्यांची आहे. २०२० च्या अन्नवेष्टन नियमांनुसार शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका, मांसाहारीवर तपकिरी त्रिकोण असतो. अंड्याच्या केकवरही त्रिकोणच येतो, म्हणून त्रिकोण पाहून पदार्थ टाकून देणे चूक. हिरवा ठिपका जनावरांपासूनचे जिलेटिन आणि चरबी नसल्याची खात्री देतो, हा भारतीय रुग्णाचा मोठा आधार आहे. आयएनएस ४७१ (आयएनएस म्हणजे यादीतील मिश्रकाचा क्रमांक) हे पायसकारक वनस्पतीचे की प्राण्याचे, हा परदेशी पुड्यावर पडणारा प्रश्न इथे ठिपक्यानेच सुटतो.

तरी ठिपक्यातून दोन घटक निसटतात. दूध शाकाहारात धरले जाते; बऱ्याच रुग्णांना ते पचते, पण काहींना व्हे पावडर, मिल्क सॉलिड्स, आइस्क्रीमही बाधते. दुसरा घटक कॅराजीनन (आयएनएस ४०७): तो लाल समुद्रशेवाळाचा असूनही काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. ॲलर्जीकारक घटकांच्या सक्तीच्या घोषणेत दूध आहे. मांस, जिलेटिन नाही. म्हणून पूर्ण यादी वाचावीच लागते. ती इंग्रजी किंवा हिंदीत देण्याची सक्ती आहे, मराठीत नाही. केवळ मराठी वाचणाऱ्या आजीसाठी हे फार गैरसोयीचे आहे. घरातल्या शिकत्या मुलांना हे आयएनएस आकडे शिकवून ठेवावेत.

अन्नाबरोबर औषधांकडेही लक्ष हवे. औषधी कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्यातही आल्फा-गॅल आढळते. साप चावल्यास ते नाकारू नये. ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे, म्हणजे प्रतिक्रियेवरचे औषध हाताशी ठेवता येते.