फुकटच्या अँड्रॉइडचा हिशोब

आयफोन चांगला की अँड्रॉइड, यावर आपली पोरं तासन्‌तास भांडतात. पण या दोन कंपन्यांचे स्वतःचे भांडण वाटते तेवढे खरे नाही.

गुगलने २००५ साली अँड्रॉइड ही लहानशी कंपनी विकत घेतली. जानेवारी २००७ मध्ये अ‍ॅपलने आयफोन दाखवला, तेव्हा गुगलचे प्रमुख एरिक श्मिट अ‍ॅपलच्याच संचालक मंडळावर होते! २००९ मध्ये ते बाहेर पडले. अ‍ॅपलचा धंदा यंत्र विकण्याचा, गुगलचा जाहिरातींचा. उद्या सगळे जग मोबाइलवर शोधू लागले आणि मोबाइलचा दरवाजा दुसऱ्याच्या हाती गेला तर? म्हणून गुगलने हँडसेट कंपन्यांना अँड्रॉइड फुकट दिले. हे दान नव्हते. प्ले स्टोअर हवे तर गुगल सर्च आणि क्रोमही फोनमध्ये घालायचे, ही अट होती. अशा अटींसाठी युरोपीय आयोगाने २०१८ साली ४.३४ अब्ज युरो दंड केला (कोर्टात तो थोडा कमी झाला), भारताच्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये १३३७.७६ कोटी रुपये.

आयफोनचा दरवाजा मात्र गुगलला भाड्याने घ्यावा लागला. सफारीत आधीपासून गुगलच असावे म्हणून २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर मिळाले. सफारीतल्या शोधातून होणाऱ्या जाहिरात कमाईत अ‍ॅपलचा वाटा ३६ टक्के. हे आकडे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले. लोक आमची निवड करतात कारण आम्ही उत्तम आहोत, असा गुगलचा बचाव. मग एवढे पैसे कशाला मोजता? न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी एकाधिकाराचे करार बंद केले, पैसे देणे मात्र चालू ठेवू दिले.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच बजावले होते: राज्याचे नियंत्रण नसले की स्वातंत्र्य येते असे नाही, खाजगी मालकाची हुकूमशाही येते. आणि दरवाजा अडवला जाण्याचा अनुभव त्यांना त्याआधीच आला होता. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. तेव्हा निदान नकार कोणी दिला हे दिसत होते. आज आपला लेख शोधात दहाव्या पानावर गेला, तर जाब विचारायला समोर कोणी नसते.