राजवाड्यासमोरचा बाजार

इंदूरचा राजवाडा पाहायला येणारा पाहुणा एक तक्रार हमखास करतो. सात मजली प्रवेशद्वार नीट पाहावे म्हणून मान वर करावी, तोच पाठीमागून हातगाडीवाला वाट मागतो. खंदक नाही, एकांत नाही. चौक ओलांडला की थेट दुकाने. 'एवढी सुंदर वास्तू आणि भोवती हा गोंधळ!' असे उद्गार माझ्याच घरी उतरलेल्या पुण्याच्या आप्तांकडून मी कितीदा ऐकले आहेत. आणि खरे सांगायचे तर शासकीय सेवेत असताना माझेही मत काही फार वेगळे नव्हते.

वस्तुस्थिती मात्र अशी की, येथे बाजाराने वाड्यावर आक्रमण केलेले नाही. राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ मध्ये करमाफीची सनद मिळवून या गावी व्यापारी वसवले, ही हकीकत जुन्या घराण्यांतून सांगितली जाते. राजवाड्याचा पाया मल्हारराव होळकरांनी घातला तो १७४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटले, जाळले, त्यात वाडाही होरपळला. पुढे १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली आणि त्या पर्वात ज्यांनी वाडा पुन्हा उभारला ते विठ्ठल महादेव तथा तात्या जोग, किबे घराण्याचे मूळ पुरुष, कारभारीही होते आणि सावकारही. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असलेल्या या वास्तूच्या जीर्णोद्धारामागे पेढीवर बसणारी दृष्टी होती, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. सराफा, बर्तन बाजार, खजुरी बाजार, मारोठिया, शीतलामाता बाजार ही नावे वाड्याच्या इतिहासाचीच पाने आहेत.

या गुंत्याकडे जाणत्या नजरेने पाहणारा पहिला नगररचनाकार परका होता. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी पाचारण केले. त्यांचा इंदूर दरबारास सादर केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९१६ मध्ये त्यांनी बडोद्यासाठीही अहवाल लिहिला होता, हे आपल्या बडोदेकर वाचकांना ठाऊक असेल. त्या काळी रूढ उपाय सरळ होता: जुन्या वस्तीतून फूटपट्टी ठेवून रुंद रस्ता काढायचा आणि आड येईल ते पाडायचे. गेडिस स्वतः गल्लीबोळांतून पायी हिंडले. त्यांचे म्हणणे असे, की मोडकळीस आलेली थोडी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक आणि झाडे करावीत, विहिरी, तलाव स्वच्छ करावेत. बाकी वस्ती जागच्या जागी सुधारावी. दुकानदार उठला तर रस्ता रुंद होईल, परंतु त्या रस्त्याने जाण्याचे कारण उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

शहरात तेव्हा प्लेगचे थैमान होते. १९१७ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी मिरवणुकीची एक युक्ती योजली. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त केलेली आढळतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. झाले, गाड्याच्या गाड्या भरून केर बाहेर पडला! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि पांढऱ्या स्वच्छ वेषातील सफाई कामगार फुलांनी सजविलेले झाडू घेऊन सन्मानाने चालत होते. हुकूम न काढता लोकांकडून काम करवून घेण्याचा असा प्रयोग मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही.

नोकरीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका जुन्या बाजारातील रस्त्याच्या रुंदीकरणाचा नकाशा माझ्या टेबलावर आला. मी तो प्रत्यक्ष जागेवर न जाता तपासला आणि 'प्रस्ताव योग्य आहे' असा शेरा मारून वर पाठविला. रेषा ज्या घरांवरून गेली त्यांत माझ्या आत्याचे घर होते, हे मला नकाशावर दिसलेही नाही. नकाशावर सर्व्हे क्रमांक असतात, आत्या नसते. पुढे कित्येक वर्षे ती फाईल निजली, आणि आत्या गेल्यानंतर केव्हातरी जागी झाली.

१९८४ च्या दंगलीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला तेव्हा सारे शहर हळहळले. २००७ च्या सुमारास तो उषादेवी होळकरांच्या पुढाकाराने जुन्या धर्तीवर पुन्हा उभा राहिला. २०१६ मध्ये इंदूरची स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत निवड झाल्यावर राजवाडा, गोपाळ मंदिर यांच्या दुरुस्तीस पैसा आला, हे चांगलेच झाले. परंतु त्याच काळात आसपासच्या रस्त्यांवरील जुन्या घरांचे दर्शनी भाग रुंदीकरणात कापले गेले. मोठी वास्तू वाचली, तिची सोबत गेली.

व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाखाली जुन्या भाडेकरूचे भाडे इतके अल्प राहिले, की घरमालकास कौले बदलण्याइतकेही मिळत नाही. तो घर पडण्याची वाट पाहतो. भाडेकरू मालकीच्या हमीअभावी एक खिळा ठोकत नाही. मधल्या मध्ये सागवानी खांब वाळवी खाते. मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियम केले आणि बांधकामाचा हक्क अन्यत्र वापरण्याची सोय मालकास दिली. तसे काही येथे आधी, मनापासून झाले असते तर बराच फरक पडला असता. पार्किंग बाहेर ठेवणे, मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ देणे, दर्शनी भाग सांभाळणाऱ्यास मालमत्ता करात सवलत देणे, यांस बुलडोझर लागत नाही.

सराफ्याचेच पाहा. दिवसा सोन्याचांदीची उलाढाल, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. रात्री वर्दळ राहिली तर चोरांचे भय नाही, म्हणून पेढीवाल्यांनीच खाद्यविक्रेत्यांना बसू दिले, असे वडीलधारे सांगत. अलीकडे ठेले वाढले, गॅसच्या टाक्या आल्या, आणि आता सराफच चौपाटी हटवा म्हणतात. त्यांची आगीची भीती खोटी नाही. १९८४ पाहिलेल्यांना तर नाहीच. तरीही ठेल्यांची संख्या आणि टाक्यांची जागा ठरविणे एक, आणि चौपाटीच दुसरीकडे नेणे अगदी निराळे.

आत्याच्या घराचा पुढचा सोपा आता नाही. खालचा भांड्यांचा दुकानदार मात्र उरलेल्या दहा फुटांत टिकून आहे. सोप्याच्या दोन कोरीव तुळया त्याने कापणाऱ्यांकडून मागून घेतल्या आणि त्यांवर पितळेच्या कळशा मांडल्या आहेत. मागच्या दिवाळीत मी एक विकत मागितली. 'साहेब, कळशी न्या,' तो म्हणाला, 'तुळई दुकानाची आहे.'